बॉक्स उतरवण्याआधी ऑइलची पातळी बघा

ताई, तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. बाकीच्यांनाही समजावं म्हणून आधी थोडक्यात मांडतो. तुम्ही घोडबंदर रोडला राहता. गाडी सात आसनी, डिझेल, सहा गिअरची ऑटोमॅटिक, २०१८ची, एक लाख बारा हजार किलोमीटर झालेली. गेले पाच-सहा महिने सकाळी सोसायटीच्या पार्किंगमधून मागे घ्यायला आर टाकला की दोन सेकंद काहीच होत नाही, मग धाडकन गिअर पडतो. एकदा गाडी तापली की दिवसभर हा त्रास नाही. दुसरं म्हणजे साठ-सत्तरच्या वेगात ॲक्सिलरेटर हलका धरला की गाडी थरथरते. चेक इंजिनचा दिवा एकदा लागला आणि आपोआप गेला. गॅरेजवाल्याने एक चक्कर मारली, ‘बॉक्स गेला’ (म्हणजे गिअरबॉक्स) म्हणाला आणि १,६०,००० रुपयांचं एस्टिमेट हातात दिलं. तीन आठवड्यांनी गणपतीला सासू-सासऱ्यांना घेऊन कोल्हापूरला जायचंय. आणि अगदी शेवटी तुम्ही लिहिलंय की आठ महिन्यांपूर्वी लांबच्या ट्रिपहून येता येता गिअरबॉक्सचं ऑइल बदलून घेतलं, ‘अर्ध्या तासात काम झालं’.

माझ्यासाठी तुमच्या प्रश्नातलं सगळ्यात मोलाचं वाक्य ते शेवटचं आहे. वागळे इस्टेटला ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं काम करत मला सव्वीस वर्षं झाली. गरम गाडीचं, अर्ध्या तासात बदललेलं ऑइल हे शब्द ऐकले की मी पाना बाजूला ठेवतो आणि आधी पातळी तपासतो.

त्याचं कारण असं. हल्लीच्या बऱ्याच ऑटोमॅटिक गिअरबॉक्सना डिपस्टिक नसते. चेंबरला, म्हणजे गिअरबॉक्सच्या तळाशी ऑइल साठतं त्या भागाला, एक ओव्हरफ्लो प्लग असतो, जास्तीचं ऑइल बाहेर सोडणारं बूच. पातळी बघायची म्हणजे गाडी चारही चाकांवर सपाट उचलायची, इंजिन चालू ठेवायचं, ब्रेक दाबून पी-आर-एन-डी असे सगळे गिअर सावकाश फिरवायचे, परत पी ला आणायचं आणि ऑइलचं तापमान स्कॅनरवर (गाडीच्या संगणकाला जोडून आकडे वाचायचं यंत्र) बघत थांबायचं. पुष्कळ गाड्यांमध्ये हे तापमान ३५ ते ४५ अंशांच्या आसपास असतं, नेमका आकडा त्या त्या गाडीच्या वर्कशॉप मॅन्युअलमध्ये दिलेला असतो. त्या तापमानाला प्लग उघडायचा. आधी बारीक धार येते, मग ती तुटते आणि थेंब थेंब पडायला लागतात. ती पातळी. तेव्हा प्लग बंद.

आता लांबून आलेल्या गाडीचं ऑइल असतं ऐंशी-नव्वद अंशांना. गरम ऑइल फुगलेलं असतं. त्या अवस्थेत प्लग उघडला की फुगलेला भाग वाहून जातो, धार तुटते आणि गॅरेजमधल्या मुलाला वाटतं पातळी झाली. गाडी थंड झाली की आतलं ऑइल आक्रसतं आणि पातळी हवी त्यापेक्षा खाली जाते. सकाळी इंजिन चालू केलंत की पंप ऑइलबरोबर हवाही ओढतो, फेस होतो, दाब उशिरा तयार होतो. आर टाकल्यावर ती दोन सेकंदं जातात ती दाब तयार होण्यात, आणि दाब आला की क्लच एकदम पकडतो. तो तुमचा धक्का. पंधरा-वीस मिनिटं गाडी चालली की ऑइल पुन्हा फुगतं, पंपाला पुरतं आणि तक्रार गायब होते. थंडपणी त्रास, गरमपणी नाही, आणि सुरुवात ऑइल बदलल्यानंतर दोन-तीन महिन्यांत. तिन्ही गोष्टी एका रेषेत बसतात.

हे मी गाडी न बघता लिहितोय, म्हणून दुसरी शक्यताही सांगतो. क्लचच्या पिस्टनचे रबरी सील जुने होऊन कडक झाले तरी सकाळी असंच होतं, कारण गरम झाल्यावर तेही थोडे मऊ पडतात आणि गळती थांबते. दोन्हीतला फरक कळायला एकच मार्ग आहे: पातळी बरोबर करायची आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा आर टाकून बघायचा. वेळ कमी झाला तर प्रश्न मिटला. पातळी अचूक असूनही दोन सेकंदं लागतात तर सील किंवा व्हॉल्व्ह बॉडीकडे (ऑइलचा दाब हव्या त्या क्लचकडे वळवणारा भाग) बघावं लागेल. पण हा क्रम उलटा करायचा नाही. आधी बॉक्स खोलला तर नवीन ऑइल पडतंच, पातळीही नीट होते, आणि मग गाडी बरी झाली ती सीलमुळे की ऑइलमुळे हे कुणालाच कळत नाही. दीड लाख मात्र गेलेले असतात.

घरी एक चाचणी करा. गाडी सपाटीवर, हँडब्रेक ओढलेला, ब्रेक पूर्ण दाबलेला, एसी बंद. एन मधून डी टाका आणि गिअर पकडल्याचा तो हलका धक्का जाणवेपर्यंतचा वेळ मोबाइलच्या स्टॉपवॉचवर मोजा. मग एन ला आणा, एक मिनिट थांबा, परत करा. तीनदा करून सरासरी काढा. तसंच आर साठी. अनेक गाड्यांच्या मॅन्युअलमध्ये गरम गिअरबॉक्सला डी साठी साधारण १.२ सेकंद आणि आर साठी १.५ सेकंद ही मर्यादा दिलेली असते. तुम्ही सकाळी थंडपणी एकदा आणि संध्याकाळी ऑफिसहून आल्यावर एकदा असं दोन्ही लिहून ठेवा. हा कागद घेऊन कुठल्याही गॅरेजमध्ये गेलात तरी समोरचा माणूस तुमच्याशी वेगळ्या पद्धतीने बोलेल.

आता थरथरीकडे येतो. इंजिन आणि गिअरबॉक्स यांना जोडणाऱ्या भागाला टॉर्क कन्व्हर्टर म्हणतात. त्याच्या आत एक लॉक-अप क्लच असतो. एरवी इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यात फक्त ऑइलचा दुवा असतो. वेग स्थिर झाला की हा क्लच दोघांना घट्ट जोडतो, म्हणजे डिझेल वाया जात नाही. ऑइल जुनं झालं, चुकीचं पडलं किंवा कमी असलं की हा क्लच नीट धरत नाही, पकड-सोड पकड-सोड करत राहतो. गाडीत बसलेल्याला वाटतं की टोलनाक्यापुढच्या पांढऱ्या पट्ट्यांवरून चाललोय.

ओळखायची पद्धत अशी. पहाटे रस्ता मोकळा असताना, मागे कुणी नाही हे आरशात बघून, शेजारी घरचं कुणी जाणतं माणूस बसवून निघा. थरथर सुरू झाली की ॲक्सिलरेटर तसाच ठेवा आणि डाव्या पायाने ब्रेकला नुसता स्पर्श करा, मागचा दिवा लागेल इतकाच. ब्रेकचा स्विच दबला की कंट्रोलर, म्हणजे गिअरबॉक्सचा संगणक, लॉक-अप सोडतो. आरपीएमचा काटा किंचित वर सरकेल. त्याच क्षणी थरथर थांबली तर संशय लॉक-अपवर. थांबली नाही तर टायर, प्रोपेलर शाफ्ट (चाकांकडे ताकद नेणारा दांडा), माउंटिंग (इंजिन-गिअरबॉक्स बसवलेले रबरी आधार) बघा. डाव्या पायाची सवय नसेल तर ही चाचणी स्वतः करू नका, मेकॅनिककडून करून घ्या.

इथे एक बारकावा आहे आणि तो चांगल्या चांगल्यांच्या नजरेतून सुटतो. डिझेल इंजिनचा एखादा इंजेक्टर कमी-जास्त मारत असेल तर तो धक्काही लॉक-अप जोडलेला असतानाच जाणवतो, कारण तेव्हा मध्ये ऑइलची गादी नसते. ब्रेकला स्पर्श केला की तोही लपतो. म्हणून नुसत्या पायाच्या चाचणीवर कन्व्हर्टर बदलू नये. स्कॅनरवर चालत्या गाडीचे दोन आकडे शेजारी लावायचे, इंजिनचा आरपीएम आणि टर्बाइनचा, म्हणजे कन्व्हर्टरच्या गिअरबॉक्सकडच्या बाजूचा, आरपीएम. लॉक-अप पूर्ण जोडला असताना दोघे जवळजवळ सारखे हवेत. थरथरीच्या वेळी टर्बाइनचा आकडा इंजिनपासून सुटून मागेपुढे होत असेल तर दोष लॉक-अपचा. दोघे एकमेकांना चिकटून एकत्रच हलत असतील तर इंजिनकडे वळा, इंजेक्टरचं करेक्शन (प्रत्येक इंजेक्टरला संगणक डिझेल किती कमी-जास्त करतोय तो आकडा) बघा.

तुमच्या गॅरेजवाल्याने स्कॅनर लावला की नाही, हे तुम्ही लिहिलेलं नाही. दिवा गेला म्हणजे कोड, म्हणजे संगणकाने नोंदवलेला दोषाचा क्रमांक, गेला असं नसतं, तो बराच काळ आत साठलेला राहतो. पी-०७०० एवढाच कोड कुणी दाखवला तर त्याचा अर्थ फक्त ‘गिअरबॉक्सच्या कंट्रोलरला काहीतरी सांगायचंय’ इतकाच. खरा कोड त्या कंट्रोलरमध्ये शिरून वाचावा लागतो. दोन-तीन हजारांचे साधे स्कॅनर बहुतेक वेळा तिथपर्यंत पोचत नाहीत. पी-०७४१ निघाला तर लॉक-अप नीट काम करत नाही. पी-०७३० ते पी-०७३६ या पट्टीतला निघाला तर गिअरचं गुणोत्तर जुळत नाही, म्हणजे कुठेतरी क्लच घसरतोय. पी-०७१५ आणि पी-०७२० हे वेगाचे सेन्सर, पी-०२१८ म्हणजे ऑइल जास्त तापलं होतं. आणि कोड मिळाला म्हणून तो पार्ट बदलायचा नसतो. सोलेनॉइड म्हणजे विजेवर उघड-बंद होणारा ऑइलचा व्हॉल्व्ह. सोलेनॉइडचा कोड म्हणजे त्या सोलेनॉइडच्या सर्किटमध्ये गडबड. सर्किटात वायर आहे, कनेक्टर आहे, पिना आहेत, अर्थिंग आहे.

याचं एक उदाहरण देतो. तीन पावसाळ्यांपूर्वी ठाण्यातलेच एक काका सात आसनी गाडी घेऊन आले होते. त्या जुलैत वंदना एसटी डेपोच्या परिसरात साचलेल्या पाण्यातून त्यांना गाडी काढावी लागली होती. पंधरा दिवसांनी गाडी अचानक एकाच गिअरमध्ये अडकायला लागली, बंद करून चालू केली की पुन्हा ठीक. याला लिम्प मोड म्हणतात, कंट्रोलर बॉक्सला वाचवायला स्वतःच गाडी एका गिअरवर बांधून ठेवतो. त्यांना दुसरीकडे नवी व्हॉल्व्ह बॉडी सांगितली होती. मी मीटर घेतला. गिअरबॉक्सच्या बाजूने सोलेनॉइडचा रेझिस्टन्स तेरा ओहम, स्थिर. असे ऑन-ऑफ सोलेनॉइड बहुधा अकरा ते पंधरा ओहममध्ये असतात, म्हणजे तो बिचारा निर्दोष होता. मग तीच मोजणी कंट्रोलरच्या टोकाकडून केली आणि माझ्या मुलाला वायरिंग हळूच हलवायला सांगितलं. मीटरचा आकडा तेरा, चाळीस, तेरा, मग उघडं सर्किट. कनेक्टर सोडवला. रबरी सील एका बाजूने दुमडलेलं, आत दोन पिनांवर मोरचुदासारखा हिरवट थर. पिना साफ केल्या, एक बदलली, सील नवीन घातलं, दुपारच्या जेवणाआधी गाडी रस्त्यावर. पण मी ऑइलही उघडून बघितलं, कारण पाण्यातून गेलेल्या गाडीत गिअरबॉक्सच्या ब्रीदरमधून (हवा जायच्या-यायच्या तोंडातून) पाणी आत शिरू शकतं. क्लचच्या प्लेटांवरचं अस्तर कागदी असतं आणि गोंदाने चिकटवलेलं असतं. पाण्याने ते फुगतं, गोंद सुटतो. नशिबाने त्यांचं ऑइल स्वच्छ निघालं.

म्हणून ऑइल काढाल तेव्हा स्वतः समोर उभ्या राहा. पांढऱ्या टिश्यू पेपरवर एक थेंब तुमच्या गाडीचा आणि शेजारी एक थेंब नव्या ऑइलचा टाका. पाच मिनिटं थांबा. नवं ऑइल पसरून फिकट एकसारखं वर्तुळ होतं. जुनं पण ठीक असलेलं तपकिरी होतं, पण तेही पसरतं. जळलेलं ऑइल मधे काळा ठिपका सोडून बसतं, पसरत नाही, आणि त्याला करपलेल्या फोडणीसारखा वास येतो. एकदा घेतलात की तो वास विसरणार नाही. ऑइल दुधाळ गुलाबी, स्ट्रॉबेरी मिल्कशेकसारखं निघालं तर त्यात पाणी आहे. पावसाचं नसेल तर रेडिएटरमधला कूलर आतून फुटलाय, आणि तेव्हा गाडी एक किलोमीटरही चालवायची नाही.

चेंबर उघडला तर आतलं मॅग्नेट बघा. मी ते बोटाने पुसतो. काजळासारखा मऊ राखाडी लेप बोटाला लागला तर लाखभर किलोमीटर चाललेल्या गाडीत ते साहजिक आहे. बोटांत चोळल्यावर कण टोचले, उन्हात धरल्यावर चमचमले, किंवा नखाएवढे पापुद्रे निघाले तर आत काहीतरी तुटतंय. अस्तराचे काळे तुकडे दिसले तर क्लच गेले. फोटो काढून ठेवा.

त्यासोबत दोन स्वस्त तपासण्या. एक, बॅटरी. बंद गाडीला १२.६ व्होल्टच्या आसपास आणि चालू गाडीला चौदाच्या आसपास हवं. व्होल्टेज पडलं की कंट्रोलर भलतेसलते कोड लिहितो. दोन, इंजिनचं आणि गिअरबॉक्सचं माउंटिंग. रबर फाटलेलं असेल तर उत्तम बॉक्सही आर टाकताना दणका देतो. बॉनेट उघडून, ब्रेक दाबून, कुणाला तरी डी-आर-डी करायला सांगा आणि इंजिन किती उसळतं ते बाजूला उभं राहून बघा, गाडीच्या पुढे नव्हे.

आठ महिन्यांपूर्वी कोणतं ऑइल पडलं ते बिलावर शोधा. ‘ऑटोमॅटिक ऑइल’ एवढंच लिहिलं असेल तर काळजीचं आहे. लॉक-अप क्लचची पकड ऑइलमधल्या घटकांवर ठरते, म्हणून कंपनीने पुस्तिकेत दिलेला ग्रेडच लागतो. ‘सगळ्यांना चालतं’ असं लिहिलेला डबा मी वापरत नाही. एकदा चेंबर रिकामा केला की अर्धंच ऑइल निघतं, बाकीचं कन्व्हर्टरमध्ये आणि कूलरच्या नळ्यांत राहतं. ऑइल चुकीचं पडलं असेल तर काढा, भरा, काही किलोमीटर चालवा, परत काढा, असं दोन-तीनदा करावं लागेल. प्रत्येक वेळी भरायचा प्लग आधी सोडवून मगच खालचा सोडवायचा. वरचा जाम निघाला तर रिकामा बॉक्स घेऊन बसायची वेळ येते. मशिन लावून जोरात फ्लश करण्याच्या मी विरोधात आहे, निदान एक लाखाच्या वर चाललेल्या गाडीत. साचलेला गाळ सुटतो आणि व्हॉल्व्ह बॉडीच्या बारीक वाटांत जाऊन बसतो.

ओव्हरहॉल लागतच नाही असं मी म्हणत नाही. गाडी गरम असतानाही एकापेक्षा जास्त गिअरमध्ये आरपीएम चढतो पण गाडी पुढे सरकत नाही, ऑइलला करपट वास आहे, चेंबरमध्ये पापुद्रे आहेत, गुणोत्तराचा कोड परत परत येतोय, लाइन प्रेशर, म्हणजे पंपाने दिलेला ऑइलचा दाब, गेजवर कमी आहे: यातलं तीन-चार एकत्र दिसलं तर मीच सांगेन, बॉक्स उतरवा. तुमच्या वर्णनात यातलं एकही नाही. त्यामुळे गॅरेजवाल्याला शांतपणे विचारा: कोड कोणते निघाले, प्रेशर किती आलं, ऑइल बघितलंत का, चेंबरचा फोटो आहे का. तो माणूस वाईट असेलच असं नाही. पुष्कळ मुलांना मॅन्युअल गाडीचं काम उत्तम येतं, पण ऑटोमॅटिकचं शिक्षण त्यांना कुणी दिलेलं नसतं, मग ते अंदाजाने बोलतात. पण पैसे तुमचे आहेत, त्यामुळे पुरावा मागायचा हक्क तुमचा आहे.

वाचणाऱ्या बाकीच्यांनी एक लक्षात घ्या. वर लिहिलेलं टॉर्क कन्व्हर्टरवाल्या गाड्यांचं आहे. मारुतीची एर्टिगा ऑटोमॅटिक यात येते, एप्रिल २०२२ पासून तिला सहा गिअर आहेत, आधी चार होते. रेनो ट्रायबरची ऑटोमॅटिक म्हणजे एएमटी, मॅन्युअल बॉक्सवर बसवलेला यांत्रिक हात. तिथे क्लच प्लेट आणि ॲक्च्युएटर बघायचा. किया कॅरेन्समध्ये ड्युअल क्लच (दोन क्लचचा गिअरबॉक्स) मिळतो, तो ट्रॅफिकमध्ये इंचाइंचाने सरकवत राहिलं की तापतो. सीव्हीटी, म्हणजे ठरावीक गिअर नसलेला पट्ट्यावर चालणारा बॉक्स. त्याचं ऑइल पूर्ण वेगळं, त्यात साधं एटीएफ (नेहमीचं ऑटोमॅटिकचं ऑइल) घातलं तर बॉक्स खराब होतो. आपली गाडी कुठल्या जातीची आहे हे आधी माहीत करून घ्या.

ताई, कोल्हापूरचं म्हणाल तर तीन आठवडे पुष्कळ आहेत. पण पातळी तपासल्याशिवाय खंडाळ्याच्या घाटात सात माणसं आणि सामान घेऊन चढू नका. कमी ऑइल घाटात सगळ्यात जास्त तापतं. काम झाल्यावर घाट उतरताना एन वर टाकायचं नाही, मॅन्युअल मोडमध्ये खालचा गिअर घ्या. गायमुखच्या चढावर ट्रॅफिक अडकलं की पुष्कळ जण ॲक्सिलरेटर हलका दाबून गाडी जागेवर धरून ठेवतात. तेवढं कधीच करू नका, ब्रेक वापरा. आणि वाटेत बंद पडलीच तर गाडी फ्लॅटबेडवरच, म्हणजे अख्खी गाडी वर चढवणाऱ्या ट्रकवरच, न्यायला सांगा. इंजिन बंद असताना गिअरबॉक्सचा पंप फिरत नाही, चाकं जमिनीवर ठेवून ओढली तर आतले भाग कोरडे घासतात.

गाडी दाखवायला नेताना, माझ्याकडे असो की कुणाकडे, आदल्या संध्याकाळीच सोडून या. सकाळी तुम्ही स्वतः चालवत नेलीत तर पोचेपर्यंत ती गरम होईल आणि मेकॅनिकला काहीच सापडणार नाही. रात्रभर थंड झालेल्या गाडीचा पहिला आर त्याने स्वतः टाकायला हवा, हातात स्टॉपवॉच आणि समोर स्कॅनरवर ऑइलचं तापमान ठेवून.